मेरी लॉइड थिएटरच्या दारात उभी राहिली

आज एका गाणाऱ्या बाईची गोष्ट सांगते. बाई लंडनची आणि गोष्ट १९०७ सालची. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. इंग्रज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोड्यावरचा साहेब येतो. पण त्या साहेबाच्या देशातही राबणारी माणसं होती. दिवसभर काम करून दमलेली ही माणसं संध्याकाळी म्युझिक हॉलला जायची.

म्युझिक हॉलची सुरुवात दारूच्या गुत्त्यातून झाली. गिऱ्हाईक बसून राहावं म्हणून गुत्तेवाले मागच्या खोलीत गाणी ठेवायचे. १८५२ मध्ये चार्ल्स मॉर्टन नावाच्या गुत्तेवाल्याने लंडनच्या लॅम्बेथ भागात त्यासाठी खास मोठा हॉल बांधला, त्याचं नाव कँटरबरी हॉल. धंदा चालला, तसे असे हॉल गावोगावी झाले. पुढे टेबलं गेली, खुर्च्यांच्या रांगा आल्या आणि मोठी व्हरायटी थिएटरं उभी राहिली. एकाच तिकिटात गाणं, नाच, विनोद, कसरती, जादू असं सगळं बघायला मिळायचं. कित्येक थिएटरांचं नावच ‘एम्पायर’, म्हणजे साम्राज्य!

अशाच एका वस्तीत, हॉक्स्टनमध्ये, १८७० साली मेरी जन्मली. खरं नाव मटिल्डा वूड. वडील कागदा-कापडाची फुलं बनवायचे आणि वेटरचं कामही करायचे. नऊ भावंडांत ती थोरली. पंधराव्या वर्षी स्टेजवर उभी राहिली आणि बघता बघता लोकांची लाडकी झाली. गाण्याचे शब्द साधे असायचे, पण ती असा काही डोळा मिचकवायची की सगळं थिएटर हसायचं. नावं ठेवणारेही होते. पण तिच्या गाण्यांत भाडं थकलेली, संसार ओढणारी माणसं असायची, म्हणून लोकांना ती आपली वाटायची.

आता संपाकडे येऊ. तोवर बरीचशी थिएटरं मोजक्या मालकांच्या हातात गेली होती. रात्री दोन खेळ व्हायचेच, त्यात मालकांनी दुपारचे खेळ वाढवले. मात्र त्याचे पैसे वाढवले नाहीत. शिवाय करारात अट असायची, की आमच्याकडे काम केलंत तर आसपासच्या दुसऱ्या थिएटरात अमुक दिवस जायचं नाही. लहान कलाकार एका रात्रीत तीन-चार ठिकाणी पळत जाऊन पोट भरायचे. या अटीने त्यांची वाटच बंद झाली. वाजवणारे आणि पडदे ओढणारे यांचे तर आणखी हाल होते.

कलाकारांनी १९०६ मध्ये आपली संघटना बांधली होती. जानेवारी १९०७ मध्ये त्यांनी वादक आणि स्टेज कामगारांना सोबत घेऊन संप पुकारला. लंडनमधली २२ थिएटरं त्यात आली.

मेरीला या संपाची गरज नव्हती. ती म्हणेल तो भाव मालक देत होते. तरी ती संपात उतरली. थिएटरच्या दारात उभी राहून येणाऱ्यांना आत जाऊ नका म्हणून सांगू लागली. तिचं म्हणणं सरळ होतं: आम्ही नावाजलेले आमच्या अटी आम्हीच ठरवू शकतो, ही लढाई आठवड्याला तीस शिलिंग ते तीन पौंड मिळवणाऱ्यांसाठी आहे.

अखेर प्रकरण जॉर्ज ॲस्क्विथ या लवादाकडे गेलं. कामाचे तास, किमान पगार आणि जादा खेळांचे पैसे यांचे नियम ठरले. सगळंच मिळालं असं नाही, पण ‘मालक म्हणेल ते’ हे संपलं.

मेरीला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. १९१२ मध्ये राजा-राणीसमोर म्युझिक हॉलचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात सगळ्यांत लाडकी असलेल्या मेरीलाच बोलावलं नाही. गाणी चावट आहेत हे कारण होतंच, पण संपाचा रागही मनात होता असं बरेच जण म्हणत. १९२२ मध्ये, अवघ्या ५२ व्या वर्षी ती गेली. अंत्ययात्रेला पन्नास हजारांवर लोक आले. राजाने बोलावलं नाही, पण लोक न बोलावता आले.

पुढे सिनेमा आला आणि म्युझिक हॉल एकेक करून बंद पडले. पण ही गोष्ट आपल्या कामाची आहे. आपल्या गटातही कोणी बँकेत धीटपणे बोलते, तर कोणी मागच्या रांगेत गप्प बसते. बोलणारीचं काम होऊन जातं. ते झाल्यावर ती घरी जाते, की गप्प बसलेलीसाठी थांबते, यावर गट टिकतो. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की यावर दोन शब्द बोला. आपल्या गटात मागच्या रांगेत कोण बसलंय, ते आधी बघा.