देवाशी आपल्याच बोलीत : रेव्हरंड टिळकांच्या भजनांची गोष्ट

बसमध्ये असाल, भाकरी थापता थापता ऐकत असाल किंवा रात्री उशाशी फोन ठेवून पडला असाल, सगळ्यांचं स्वागत. नेहमीप्रमाणे हा भाग ज्यांना वाचायचाय त्यांच्यासाठी लिहूनही ठेवतेय.

बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. चर्चला जातो, गाणी म्हणतो, डोळे मिटतो, पण आत काही हलत नाही. भक्ती खोल कशी होते? मी काही पाळक नाही, त्यामुळे उपदेश करणार नाही. मला इतिहास आवडतो, म्हणून एका माणसाची गोष्ट सांगते. हाच प्रश्न त्यालाही पडला होता, आणि उत्तर शोधायला त्याला अर्धं आयुष्य लागलं.

नारायण वामन टिळक. शाळेत तुम्ही त्यांना भेटला असाल. 'केवढे हे क्रौर्य!' ही जखमी पक्षिणीची कविता त्यांचीच. फुलामुलांचे कवी म्हणून ओळख करून देतात आणि तिथंच थांबतात. मराठी चर्चमध्ये मात्र त्यांची ओळख वेगळी आहे. 'उपासनासंगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडा. पदाखाली टिळकांचं नाव पुन्हा पुन्हा दिसेल.

त्यांच्याकडे जाण्याआधी तीनशे वर्षं मागं, गोव्यात जाऊया. हा प्रश्न तिथंही पडला होता.

१५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. आपण फादर स्टीफन्स म्हणतो. त्या काळचा गोवा सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेनं देवळं पाडली होती, जुन्या पोथ्या जप्त केल्या होत्या, आणि ख्रिस्ती झालेल्या अनेकांवर बळजबरी झाली होती. हे झाकून पुढं जाता येणार नाही. विचार करा, साष्टीतल्या त्या नव्या ख्रिस्ती माणसांकडं काय उरलं होतं? जुनी पुराणं गेली. हातात आली धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं, म्हणजे पाठ करायचा धडा. बाकी सगळं ठीक आहे, पण आम्हांला आमच्या पुराणांसारखं काहीतरी द्या, अशी मागणी त्यांनी केल्याचं स्टीफन्स यांच्या ग्रंथातच येतं.

त्यातून जन्मलं 'क्रिस्तपुराण'. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, १६१६ साली राचोलला छापलेल्या, आणि तेही रोमन लिपीत. त्यात त्यांनी मराठीची तोंड भरून स्तुती केली आहे. पुढं १६८४ साली पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं, तरी हे पुराण हस्तलिखितांमधून तगलं. गोव्याहून मंगळूरकडं गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेलं, आणि १९०७ साली मंगळुरातच ते पुन्हा छापलं गेलं. लोकांनी ते इतकं का जपलं? मला वाटतं, प्रश्नोत्तरं पाठ होतात, पण ओवी तोंडात बसते.

आता येऊया घाटावर. इथं प्रांत वेगळा, राज्यकर्ते वेगळे आणि पंथही वेगळा. अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ पासून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचं काम सुरू झालं. शाळा निघाल्या, १८४२ साली 'ज्ञानोदय' नियतकालिक निघालं. खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांत बहुतेक लोक महार आणि मांग समाजातले होते. गावानं त्यांना ना देवळात घेतलं होतं, ना शाळेत.

या मंडळ्यांमध्ये गायची गीतं मात्र बरीचशी भाषांतरित होती आणि चाली परदेशी. आता यात थोडं तंत्र आहे, पण मजेशीर आहे. इंग्रजी गीताची चाल आघातावर चालते, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर पडतो त्यावर. मराठी पद्य अक्षरं मोजतं किंवा मात्रा मोजतं, त्यात ऱ्हस्व-दीर्घाला किंमत असते. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवले की जोर भलत्याच अक्षरावर पडतो. हलकं अक्षर ताणलं जातं, जड अक्षर चेंगरतं. अर्थ बरोबर असतो, पण कानाला ते आपलं बोलणं वाटत नाही. शिवाय पुस्तक हातात घेऊन गायचं तर वाचता यायला हवं. ज्याला वाचता येत नाही, त्यानं नुसतं उभं राहायचं?

हे ओळखणारे टिळक पहिले नव्हते. त्यांच्याआधी नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींवर पदं रचली होती, ख्रिस्ती कीर्तनंही तिकडं होऊ लागली होती. पण टिळक आले ते वेगळीच शिदोरी घेऊन.

जन्म १८६१चा, कोकणातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. नाशिकला संस्कृत शिकले. घरात अभंग, ओव्या, कीर्तनं होतीच. एका जागी टिकणं मात्र स्वभावात नव्हतं. अशाच एका रेल्वेप्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी गप्पा झाल्या, आणि त्यानं उतरताना नव्या कराराची प्रत हातात दिली. टिळकांनी ती वाचायला घेतली. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. शत्रूवर प्रीती करा, हे वाक्य त्यांना सोडेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथं गोष्ट गोड होत नाही. त्यांची बायको लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू मागं राहिले. कल्पना करा, १८९५ साल, ब्राह्मण घर, नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको ना सधवा ना विधवा. लक्ष्मीबाई दुःखानं वेड्यापिशा झाल्या. नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपूरला काढला. जवळपास पाच वर्षं संसार दुभंगलेला होता. टिळकांची श्रद्धा त्यांच्या घरच्यांना किती महाग पडली, हे विसरून त्यांची भजनं ऐकू नयेत असं मला वाटतं. पुढं त्या नगरला आल्या तेव्हाही आधी आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळंच ठेवत. मग राहुरीला त्या विचारात पडल्या. माणसं जन्मतात सारखी, मरतात सारखी, मग जात देवानं केली कशी म्हणायची? त्या विचारातून त्यांचं सोवळं सुटलं आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिलंय. १९३४ पासून ते पुस्तक भागाभागानं आलं. रडू येईल अशा ठिकाणी त्या हसवतात. अजून वाचलं नसेल तर हा भाग अर्धा सोडून वाचायला घ्या, मी रागावणार नाही.

ख्रिस्ती झाल्यावर टिळक नगरला शिकवू लागले, लिहू लागले. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की ख्रिस्ताशी मनातलं बोलायला त्यांना लागणारे शब्द आधीच त्यांच्याजवळ होते. ज्ञानोबांनी, नामदेवांनी, तुकोबांनी घडवलेले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते म्हणत. पूल ओलांडला म्हणून तो पाडायचा नसतो.

मग त्यांनी अभंगाचा साचा उचलला. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. मधले यमक जुळलेले, शेवटचा चरण आखूड. श्वास सोडल्यासारखा. आणि गायची पद्धत? एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं. दोन-तीन वेळा झालं की ज्याला अक्षरओळख नाही तोही गातो. टाळ हातात, पुस्तक नाही. ज्यांना गावानं देवळाबाहेर उभं केलं होतं, ती माणसं आता गाण्याच्या मधोमध बसली. भजनात मागची रांग नसते.

शब्दही बदलले. टिळकांच्या पदांत ख्रिस्त माउली होतो. वारकरी विठ्ठलाला विठाई म्हणतात ना, तसा. काहींना हे फार हिंदू वाटलं, काहींना तो धर्मप्रसाराचा डाव वाटला. पण यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो की आई मुलाचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. म्हणजे आई शास्त्रात होतीच, टिळकांनी तिला मराठी नाव दिलं. स्वतः टिळकांची आई ते लहान असतानाच गेली होती. त्यांनी माउली म्हणावं, यात मला डाव दिसत नाही. तहान दिसते.

आणि उपकारस्तुती. हा आपल्या मराठी चर्चचा खास शब्द. त्यात दोन गोष्टी आहेत, आधी उपकार ओळखायचे, मग स्तुती करायची. गावाकडं पीक घरात आलं की त्यातला वाटा चर्चमध्ये आणून ठेवतात, तो याच भावनेनं. ज्वारीचं कणीस पुढं ठेवताना लांबलचक प्रार्थना करावी लागत नाही. कशाबद्दल आभार मानतोय ते समोरच असतं. भजनांतही हेच दिसतं. मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा मी काय होतो आणि तू मला कसं जवळ केलंस, हा सूर जास्त.

शेवटी टिळकांना पगारी मिशनकामही अडचणीचं वाटू लागलं. १९१७ साली त्यांनी ते सोडलं, संन्याशासारखं राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे शिष्य म्हणवणारे सगळे तिथं एकत्र यावेत, ही कल्पना. दोन वर्षंही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. दरबार त्यांच्या मागं टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरं राहिलं होतं. सुरुवातीचे मोजके अध्याय त्यांचे. उरलेले साठाहून अधिक कोणी लिहिले? लक्ष्मीबाईंनी. त्याच लक्ष्मीबाई, ज्यांना लहानपणी शाळा मिळाली नव्हती आणि ज्यांचा संसार याच श्रद्धेपायी एकदा मोडला होता.

संस्था गेली, भजनं राहिली. का राहिली, यावर मी बराच विचार केला. माझं उत्तर असं आहे. दरबाराला टिळक लागत होते, भजनाला फक्त दुसरी ओळ उचलणारा माणूस लागतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आज आपल्या फोनवर जगभरची उपासनागीतं आहेत. मीही ऐकते, छान असतात. इंग्रजीत गाणं वाईट असं टिळकांची गोष्ट सांगत नाही. ती विचारते, की ठेच लागल्यावर तुमच्या तोंडून ज्या भाषेत शब्द निघतो, त्या भाषेत तुम्ही देवाशी शेवटचं कधी बोललात? आगरी असेल, वऱ्हाडी असेल, वसईची सामवेदी असेल, नगरी असेल. आत काही हलत नाही असं वाटतं तेव्हा श्रद्धाच कमी असते असं नाही. कधीकधी शब्द उसने असतात, एवढंच.

म्हणून या आठवड्यात एक करून बघा. रात्री दिवा घालवल्यावर, फोन पालथा ठेवून, दिवसातल्या एकाच गोष्टीचे आभार माना. घरी बोलता तसंच. 'हे सर्वसमर्थ' वगैरे नको. 'आज आईचा ताप उतरला, बरं झालं बाबा,' एवढं पुरे. सुचलंच तर चार चरण लिहा, अक्षरं मोजा, चुकली तरी चालेल. आणि रविवारी आजी-आजोबांपैकी कोणी टाळ घेऊन भजन सुरू केलं तर मागं उभं राहून रेकॉर्ड करत बसू नका. जवळ जा, दुसरी ओळ उचला.

तुमच्या गावात टिळकांचं कुठलं पद कुठल्या चालीवर गातात, ते मला आवाज रेकॉर्ड करून जरूर पाठवा. एकच पद गावागावांत वेगळं ऐकू येतं, आणि मला ती सगळी ऐकायचीत.

भेटूया पुढच्या भागात.