देवगिरीचे पाणी

देवगिरीच्या इतिहासातले दोन वेढे विशेष गाजले. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा रामदेवराय यादवाने घाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकीकत फारसी तवारिखांत आहे. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाच्या वेढ्यात निजामशाहीचा वजीर फत्तेखान याने किल्ला सोडला, तोही दुष्काळाने आणि उपासमारीने जेरीस येऊन. दोन्ही वेळा खुटले ते धान्य. गडाच्या पाण्याची तजवीज मात्र दख्खनच्या स्थापत्यातल्या सर्वांत जाणत्या कामांपैकी एक आहे, आणि तिच्याकडे तटबंदीइतकेच लक्ष जायला हवे.

किल्ला उभा आहे सुमारे २०० मीटर उंचीच्या शंकूसारख्या डोंगरावर. खडक काळा बेसाल्ट. तो स्वतः पाणी धरत नाही. पाणी मुरते ते त्याच्या भेगांत, मुरमात आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. पाऊस जेमतेम चार महिन्यांचा. म्हणून यादवांपासून निजामशाहीपर्यंत प्रत्येक राजवटीला एकच काम करावे लागले: पावसाळ्याचे पाणी आठ महिने पुरवायचे.

त्यासाठी आसपासच्या डोंगरांतले तलाव आणि किल्ल्यातले हौद भाजलेल्या मातीच्या नळांनी जोडलेले होते. खापरी नळाचा अरुंद तोंडाचा एक तुकडा दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचा, सांधा चुन्याने लिंपायचा आणि ओळ उताराने पुढे न्यायची. नळ झाकलेला असल्याने पाण्याला ऊन लागत नाही. वाफ कमी होते आणि उजेड नसल्याने शेवाळही धरत नाही. किल्ल्यातला हत्ती हौद सुमारे ३८ मीटर लांब, तितकाच रुंद आणि सहा मीटरहून अधिक खोल आहे. त्यात जवळजवळ १ कोटी लिटर पाणी मावते. शिवाय सरस्वती बावडीसारख्या विहिरी आणि कातळात खोदलेली टाकी होतीच. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणून गावाला दौलताबाद नाव दिले, तेव्हा या पाण्यावर एका राजधानीचा भार पडला. त्याच शतकात इथे आलेल्या इब्न बतूताने दौलताबादची द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे लिहून ठेवले. आठ महिने कोरड्या मुलखात एवढी बाग फुलते, ती साठवलेल्या पाण्यावर.

पाण्याचे सर्वांत धाडसी काम म्हणजे बालेकिल्ल्याभोवतीचा खंदक. तो अखंड कातळ तासून काढला आहे. त्यावरच्या एकमेव पुलाचा मधला भाग मुद्दाम खाली ठेवलेला होता. शत्रू आला की खंदकातली पातळी वाढवायची आणि तेवढा भाग पाण्याखाली घालवायचा. मात्र वर्षानुवर्षे साठलेले पाणी नुसते शस्त्र राहत नाही. त्यात शेवाळ येते, शेवाळावर गोगलगायी आणि किडे येतात, डासांच्या अळ्या खायला मासे आणि बेडूक, माशांमागे पाणकावळा. ही साखळी पाणी जिवंत ठेवते. ती तुटली की ते कुजते. नद्या आणि तलाव पृथ्वीच्या पाठीचा एक टक्कादेखील व्यापत नाहीत, तरी ज्ञात जीवजातींपैकी सुमारे दहा टक्के तिथेच राहतात. दख्खनच्या कातळावरचे ओंजळभर खळगेसुद्धा यातून सुटलेले नाहीत. तिथल्या कोळंबीसारख्या इवल्या जीवांची अंडी उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून राहतात आणि पहिल्या पावसानंतर फुटतात.

किल्ल्याजवळच्या कागजीपुऱ्याचे पोटही पाण्यानेच भरले. राजधानीबरोबर आलेल्या कारागिरांनी इथे हातकागद सुरू केला, असे परंपरा सांगते. चिंध्या कुटून केलेला लगदा पुन्हा पुन्हा धुवायचा, हौदात कालवायचा, आणि जाळीवर अलगद उचलून त्याचा ताव काढायचा. गढूळ पाण्याचा कागद गढूळच उतरतो. त्यामुळे तलावात गाळ किती येतो, हा कागज्यांच्या रोजीचा प्रश्न होता.

गाळाचे उत्तर तलावात नसते, वरच्या उतारावर असते. गवत आणि झुडपे माती धरून ठेवतात, पाणी सावकाश मुरू देतात. उतार बोडके झाले की पहिल्याच वळवात माती खाली येते. मग तलाव उथळ होतो, नळ तुंबतात, आणि ते साफ करायला माणसे लागतात. दौलताबादला हीच माणसे कमी पडत गेली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी भूमिगत नहरींनी तिकडे खेळवले. पुढे खडकीचे औरंगाबाद झाले, दख्खनच्या मोगल कारभाराचे ठाणे तिथे बसले आणि दौलताबादची वस्ती ओसरली. खापरी नळांची ओळ तुटली, तशी हत्ती हौदाची भर थांबली. आज किल्ल्यात जागोजागी त्या नळांचे तुकडे दिसतात. काहींच्या सांध्यावर जुना चुना अजून घट्ट आहे.