रक्तातील अस्थिदर्शके आणि वृद्ध स्त्रियांमधील अस्थिभंग

हाडांची झीज आणि भरण होताना रक्तात उतरणाऱ्या ज्या द्रव्यांच्या मोजमापावरून हाडांच्या उलाढालीचा वेग कळतो, त्यांना अस्थिदर्शके म्हणतात. जुने हाड विरघळताना कोलॅजेनचे तुकडे सुटतात. त्यांपैकी सीटीएक्स हा झिजेचा निर्देशक होय. नवे हाड घडताना कोलॅजेनच्या पूर्वरूपाचे जे टोक गळून पडते, ते पी१एनपी. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने संदर्भ दर्शके म्हणून याच दोघांची शिफारस केली.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि झीज भरणाच्या पुढे जाते. फ्रान्समधील एपिडोस पाहणीत (१९९६) लघवीतील सीटीएक्स वाढलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांत खुब्याचे हाड मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. हाडांची घनता हिशेबात घेऊनही तो कायम राहिला. अमेरिकेत ६५ वर्षांवरील स्त्रियांच्या पाहणीत (१९९८) रक्तातील इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) मोजता न येण्याइतके कमी असलेल्यांना खुब्याच्या व मणक्याच्या अस्थिभंगाचा धोका अडीचपट दिसला.

रक्तातील होमोसिस्टीन या अमिनो आम्लाची कथा मात्र सावध करणारी आहे. फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासात (२००४) त्याचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या चतुर्थांश स्त्रियांत खुब्याचे अस्थिभंग सर्वांत कमी प्रमाण असलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. फॉलिक आम्ल व बी१२ दिल्यावर होमोसिस्टीन उतरते, म्हणून नेदरलँड्समध्ये तो उपाय करून पाहिला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण अस्थिभंग कमी झाले नव्हते. दर्शक असणे वेगळे आणि कारण असणे वेगळे.

मोजणीतही खाचखळगे आहेत. सीटीएक्स पहाटे चढते, खाल्ल्यावर उतरते. नाश्ता करून दुपारी दिलेल्या रक्ताची तुलना सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या नमुन्याशी करणे व्यर्थ. मूत्रपिंड मंदावले असल्यास सीटीएक्स उगाच वाढलेले दिसते. पी१एनपी दिवसभर बरेच स्थिर असते. नुकतेच मोडलेले हाड सांधत असताना दोन्ही दर्शके काही महिने चढलेली राहतात, त्यामुळे तेव्हाचा आकडा आधीची स्थिती सांगत नाही.

मोठ्या गटात धोका दाखवणारी ही दर्शके एकट्या रुग्णाचे भाकीत करायला तोकडी पडतात. वय, पूर्वीचा अस्थिभंग, घनता यांवर आधारलेल्या फ्रॅक्स गणकात त्यांना स्थान नाही. त्यांचा खरा उपयोग उपचारांच्या देखरेखीत होतो: झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट औषधे सुरू केल्यावर सीटीएक्स तीनएक महिन्यांत स्पष्ट घसरते. डेक्सा तपासणीत घनतेतील बदल दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात. सीटीएक्सचा आकडा हलला नाही, तर बहुधा गोळ्या नीट घेतल्या जात नसतात.