हेलियमची जागा

मुळशीच्या आमच्या शाळेत आवर्त सारणी शिकवताना मी हेलियमपाशी हटकून थांबतो. लॉकियरसाहेबाने ते विजयदुर्गावरून शोधले, ही गोड कथा मीही कित्येक वर्षे मुलांना सांगितली. खरे असे, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरला जान्सेन होता. लॉकियरने सूर्याची ती पिवळी रेषा ऑक्टोबरात इंग्लंडातूनच पाहिली.

पुढल्याच वर्षी मेंडेलीव्हने अणुभाराच्या क्रमाने मूलद्रव्ये मांडून समानगुणी एका गणात बसवली. रिकाम्या घरांनाही त्याने नावे दिली, तीही संस्कृत 'एक' लावून! त्याचे 'एक-ॲल्युमिनियम' १८७५ साली गॅलियम म्हणून सापडले. हेलियमला मात्र घरच नव्हते. १८९५ त रॅम्झेला ते पृथ्वीवरच्या खनिजात मिळाले. आदल्या वर्षीच्या आर्गॉनसारखेच, कुणाशी संयोग न पावणारे. या उदासीन मंडळींसाठी नवा गणच काढावा लागला.

परवा एका मुलीने विचारले, "गुरुजी, याचे इलेक्ट्रॉन दोन, मग हे बेरिलियमच्या डोक्यावर का नाही?"

"याची पहिली कक्षा दोनांतच भरते. बेरिलियमची बाहेरची कक्षा अर्धवट राहते."

"आणि विजयदुर्ग?"

"ते खोड," मी म्हटले.