दुष्काळी शिध्यापासून शाळेच्या पंगतीपर्यंत : बेंगळुरूतील बालपोषणाचा इतिहास

बेंगळुरूच्या परिसरातील कोरडवाहू शेतीचा मुख्य आधार रागी, म्हणजेच महाराष्ट्रातील नाचणी, हे धान्य होते, आणि ते जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे टिकत असल्यामुळे एखादे अवर्षण निभावून नेणे शेतकऱ्याला शक्य होत असे. 1876 पासून लागोपाठ पाऊस हुकला तेव्हा मात्र हा साठा पुरला नाही. त्या वेळी ब्रिटिश आयुक्तांच्या कारभाराखाली असलेल्या आणि बेंगळुरू हे मुख्य ठाणे असलेल्या म्हैसूर संस्थानाची लोकसंख्या 1871 च्या शिरगणतीत 50 लाखांहून अधिक होती. 1881 च्या शिरगणतीत ती सुमारे 42 लाख भरली.

त्या दुष्काळातील मदत शिध्यावर, म्हणजे माणशी रोज द्यावयाच्या धान्याच्या वजनावर, मोजली जात असे. 1877 च्या आरंभी भारत सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी शेजारच्या मद्रास इलाख्यातील दुष्काळी कामांवरची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. राबणाऱ्या शरीराची झीज भरून काढणारे नत्रयुक्त घटक, ज्यांना आज प्रथिने म्हटले जाते, ते एवढ्या धान्यातून पुरेसे मिळत नाहीत, असा आक्षेप इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी घेतला आणि काही महिन्यांत तेथील सरकारला दर वाढवावे लागले. भुकेल्याला किती द्यावे या प्रश्नाला काय द्यावे हा प्रश्न अशा रीतीने जोडला गेला.

या दुसऱ्या प्रश्नाचा शास्त्रीय शोध पुढे बेंगळुरूतच, 1909 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत, घेतला गेला. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी म्हणून ख्यात झालेल्या शास्त्रज्ञ, यांना केवळ स्त्री म्हणून तेथे प्रवेश नाकारण्यात आला, आणि त्यांनी आग्रह सोडला नाही तेव्हा वर्षभराच्या अपमानकारक अटींवर तो देण्यात आला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अभ्यासासाठी निवडले ते दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने, म्हणजे सामान्य घरातील मुलाच्या ताटात पडू शकणारे पदार्थ. त्याच वर्षी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी मक्यावर वाढणाऱ्या मुलांना होणाऱ्या सुजेच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. क्वाशिओरकोर हे त्याचे नाव पुढे जगभर रूढ झाले आणि तो प्रथिनांच्या कमतरतेशी जोडला गेला. नंतर मुंबईत काम करताना सोहोनी यांनी कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अटकाव करणारे घटक असतात हे अभ्यासले, आणि कुपोषित आदिवासी मुलांच्या व गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश उपयुक्त ठरतो, असे दाखवले.

बेंगळुरूच्या याच संस्थेत डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांनी 1940 च्या दशकात सोयाबीनच्या दुधावर संशोधन केले. 1950 मध्ये म्हैसूरला केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाल्यावर त्यांच्या नेतृत्वाखाली शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ आणि हरभऱ्याचे पीठ यांत जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळून ‘बहुउद्देशीय अन्न’ हे स्वस्त पूरक अन्न तयार झाले. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातील डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पुढे असे प्रतिपादन केले की, धान्य आणि डाळ यांचा रूढ आहार पोटभर मिळाला तर प्रथिनांची गरज बहुधा त्यातूनच भागते, आणि एकूण अन्नच अपुरे असेल तर प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. मात्रा आणि सत्त्व यांची फारकत करता येत नाही, हा या संपूर्ण प्रवासाचा निष्कर्ष होय.

28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, आणि दुष्काळात कृपा म्हणून मिळणाऱ्या अन्नाला हक्काचे रूप आले. बेंगळुरूत 2000 मध्येच ‘अक्षयपात्र’ या उपक्रमाने पाच शाळांतील 1,500 मुलांना जेवण देण्यास आरंभ केला होता. कर्नाटक सरकारने 2013 पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेतून दूध आणि अलीकडे उकडलेले अंडे, ते न खाणाऱ्यांना केळे किंवा चिक्की, देण्यास सुरुवात केली.

तरीही 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुलांची वाढ खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी, आढळली. ही हानी बहुतांशी गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत होते. मूल शाळेच्या पंगतीत बसेपर्यंत ती बरीचशी होऊन गेलेली असते. म्हणून गर्भवती मातेच्या आणि अंगणवाडीत येणाऱ्या तान्ह्या मुलाच्या अन्नाला शाळेच्या जेवणाइतकीच शाश्वती मिळाली पाहिजे. कॉर्निश आणि सोहोनी यांनी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, त्याचे उत्तर त्या वयातच द्यावे लागते.