एक गाव, अनेक नावे: भोकरदनची नोंद

शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी भोकरदनच्या १९७३च्या उत्खननाचा अहवाल १९७४ साली प्रसिद्ध केला. शीर्षकातच त्यांनी गावाच्या नावापुढे ‘भोगवर्धन’ हे प्राचीन नाव दिले. गाव तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि भोकरदन त्यात आले. पुढे २०२३मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले.

आता १९७४च्या अहवालातल्या एखाद्या मण्याची वा खापराची नोंद घ्या. ‘भोकरदन, जि. औरंगाबाद’ हा तपशील त्या काळी बरोबरच होता. पण आजचा सूचीकार जुन्या नोंदींतले ‘औरंगाबाद’ सरसकट ‘छत्रपती संभाजीनगर’ करू लागला, तर ती वस्तू अशा जिल्ह्याच्या नावावर चढेल, ज्याच्याशी आज भोकरदनचा संबंध उरलेला नाही. परतूरची जुनी नोंदही अशीच आजच्या जिल्ह्याशी जुळत नाही. तो तालुका परभणीतून जालन्यात आला. म्हणून मूळ नोंद खोडायची नाही. ती तारखेसह तशीच ठेवायची आणि तिच्याशेजारी गावाचा कायमचा क्रमांक लिहायचा. अमेरिकेतल्या गेटी संस्थेचा स्थलनामकोश असाच चालतो: स्थळाला एक क्रमांक, आणि त्याखाली त्याची सगळी नवी-जुनी नावे.

मात्र कोणते जुने नाव कोणत्या क्रमांकाखाली घालायचे, हे कागदच ठरवतात, आणि कागद एकसारखे बोलत नाहीत. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनचे दाते आहेत. तिथला दगड सांचीचा, गाव दात्याचे. ही दोन स्थळे वेगवेगळ्या रकान्यांतच हवीत. शिवाय ते गाव नेमके कुठे होते, हे ते लेख सांगत नाहीत. कलचुरी राजा शंकरगण याचा अभोणे ताम्रपट सहाव्या शतकाच्या अखेरचा. त्यात दान दिलेली जमीन भोगवर्धन विषयातली आहे. विषय म्हणजे प्रांताचा विभाग. त्यातल्या जमिनीला भोकरदन गावाचा क्रमांक देणे म्हणजे कागदात नसलेले त्याच्या तोंडी घालणे. विषयाला स्वतंत्र क्रमांक हवा, आणि भोकरदनशी त्याचे नाते ‘मुख्य ठाणे असावे’ एवढेच नोंदवावे. नावातले साम्य आणि तिथल्या मातीत मिळालेली सातवाहनकालीन वस्ती यांमुळे भोगवर्धन म्हणजेच भोकरदन हे मत मला भक्कम वाटते. पण तरी ते मतच.

१८०३चा कागद अधिक स्पष्ट आहे. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. दुसऱ्या दिवशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने गव्हर्नर जनरलला पाठवलेल्या वृत्तांतात शिंदे-भोसल्यांचे घोडदळ ‘बोकरडन’भोवती आणि पायदळ असईजवळ असल्याचे लिहिले. नदीचे नाव ‘कैतना’; तीच आपली केळणा. इथे उच्चार ऐकून लिहिलेला असला, तरी नदी, दोन्ही गावे आणि सैन्याची मांडणी एकमेकांना साक्ष देतात. बोकरडन म्हणजे भोकरदन हे निःशंक लिहिता येते. ब्रिटिश पलटणींच्या निशाणांवरचे ‘असाये’ही याच असईच्या क्रमांकाखाली आले पाहिजे, नाहीतर ब्रिटनमधल्या संग्रहालयातले निशाण आणि इथले रणांगण एकमेकांना कधी सापडणारच नाहीत.

सर्वांत अवघड नोंद इटलीतली. १९३८मध्ये पाँपेईच्या उत्खननात भारतीय हस्तिदंती स्त्रीप्रतिमा निघाली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती प्रतिमेशी तिची ठेवण इतकी जुळते की ती इथेच घडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. पण तशाच घडणीची हस्तिदंती प्रतिमा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही मिळाली आहे. तेव्हा ‘सापडली’च्या रकान्यात पाँपेई, ‘घडवली’च्या रकान्यात भोकरदन आणि तेर, दोन्ही क्रमांक, दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह.