गवताचं बेट

बेट म्हटलं की पाणी आलंच, नाही का? फ्लोरिडातल्या सॉग्रास गोल्फ मैदानाचं (१९८०) सतरावं होल तसंच. तिथली वाळू उपसून मोठा खड्डा पडला, तेव्हा रचनाकार पीट डाय यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी सुचवलं, पाणीच भरा की!

डिस्क गोल्फवाल्यांनी मात्र कोरड्यावर बेट केलं. (हा फ्रिस्बीसारख्या चकतीचा खेळ, साखळ्यांच्या टोपलीचं पेटंट एड हेड्रिक यांना १९७७ साली मिळालं.) साउथ कॅरोलिनात विन्थ्रॉप विद्यापीठाच्या मैदानावर १९९९ साली अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिथल्याही सतराव्या होलला वाळल्या गवताच्या गठ्ठ्यांचं कुंपण. चकती बाहेर गेली की दंड. पुढे एकच होल उरलेलं, आघाडी जेमतेम एका फेकीची, आणि चकती गठ्ठ्यावर आपटून बाहेर उडाली तर? मला हे पाण्याहून क्रूर वाटतं. चकती समोर गवतावर पडलेली दिसत असते!